इफिससची गाईडेड टूर: मिरवणुकीच्या वाटेनं चाला
तुर्कस्तानात गेलात तर इफिससला, म्हणजे तिथल्या प्राचीन शहराच्या अवशेषांत, गाईड घ्याच, तोही इतिहासात रमणारा. आम्हाला जवळच्याच सेल्चुक गावचा एक लोकल गाईड मिळाला आणि पैसे पूर्ण वसूल झाले. बाकीचे ग्रुप सेल्ससच्या लायब्ररीसमोर फोटो काढून पुढे सरकत होते, ह्याने मात्र आम्हाला वरच्या गेटपासून थिएटरपर्यंत एकच गोष्ट सांगत नेलं, साल्युटारिसच्या मिरवणुकीची.

इ.स. 104 मध्ये ह्या श्रीमंत माणसाने शहराला सोन्याचांदीच्या मूर्ती दिल्या, त्यात आर्टेमिस देवी, सम्राट ट्राजन आणि राणी प्लोटिना, रोमचं सिनेट, आणि त्यांच्याच रांगेत शहर वसवणारा अँड्रोक्लोस पण. आर्टेमिसच्या देवळातून मूर्ती निघायच्या, मॅग्नेशियन गेटपाशी गावातली तरुण पोरं सामील व्हायची, थिएटरपर्यंत सोबत जायची आणि मग दुसऱ्या गेटने परत. मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की रोमने असा काही हुकूम सोडलाच नव्हता, गावच्याच माणसाने पैसे दिले, कौन्सिलने ठराव केला आणि रोमन गव्हर्नरने फक्त मंजुरी दिली. म्हणजे सम्राटाला मान द्यायचा पण आपल्या देवीच्या मिरवणुकीत, आपल्या मूळपुरुषाच्या बरोबरीने बसवून. ह्याला नुसती खुशामत म्हणणं मला अजिबात पटत नाही, पोरांना आपलं शहर रोमच्या कितीतरी आधीचं आहे हे चालता चालता कळत असणार.

डोमिशियन ह्या रोमन सम्राटाच्या पूजेसाठी बांधलेल्या देवळापाशीही गाईड छान थांबला. 96 मध्ये डोमिशियनचा खून झाल्यावर शहरातल्या शिलालेखांवरून त्याचं नाव खोडलं आणि त्याच्या बापाचं, व्हेस्पेशियनचं, घातलं. सम्राट बदनाम झाला तरी राजघराण्याची पूजा काही बंद झाली नाही!

मिरवणुकीचे नियम 568 ओळींत थिएटरच्या भिंतीवर कोरले होते, तो शिलालेख आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलाच मॅग्नेशियन गेटचा उल्लेख धरून जॉन टर्टल वुड हा इंग्रज उत्खननकार शोधत गेला आणि 31 डिसेंबर 1869 ला त्याला आर्टेमिसचं देऊळ सापडलं.

एक स्टार कापतेय कारण शेवटी लेदरच्या दुकानात नेऊन बसवलं, तो वेळ सेल्चुकच्या म्युझियमला द्यायला हवा होता, आर्टेमिसच्या मोठ्या मूर्ती तिथे आहेत. बुक करतानाच दुकान नको म्हणून सांगा. आणि सावली फारशी नाही, टोपी-पाणी बरोबर ठेवा.