आई गावाला असते म्हणे!

कारवानी जातीचं कुत्रं घ्यायचं ठरल्यावर आधी शहरातल्याच एकाकडे गेलो. पिल्लं जेमतेम चाळीस दिवसांची, खोक्यात पेंगत पडलेली. आई दाखवा म्हटलं तर, "ती गावाला असते." आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला 2017 च्या श्वान पैदास-विक्री नियमांनी बंदी आहे, हे सांगितलं तर म्हणे, "लहान नेलं की लळा लागतो." उठून आलो.

मग सांगलीकडच्या एका शेतकऱ्याकडे. आई गोठ्याशेजारी बसलेली. लांब तोंड, पोट आत गेलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. (उपाशी नाही हो, जातच तशी.) माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही तिनं. राज्य प्राणी कल्याण मंडळाच्या नोंदणीचा कागद आणि लसीचं कार्ड न मागता पुढ्यात आलं. वर उलटतपासणी माझीच: पळायला जागा आहे का? दिवसभर साखळीला बांधणार? फ्लॅट म्हटल्यावर काकांचा चेहराच पडला. रोज पहाटे मैदानावर नेईन, असं दोनदा वदवून घेतलं. पिल्लू मात्र दोन महिने भरल्यावरच दिलं.

खोट एकच, फोन उचलत नाहीत. केनेल क्लबच्या वंशावळीच्या कागदांसाठी मला पुन्हा सांगली गाठावी लागली. तेवढ्यात इकडे बाईसाहेबांनी चपलेचा पट्टा फस्त केला होता.