जुन्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते: नवी बॅटरी घ्यावी की डायनामो दुरुस्त करावा?

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी, आर्णी, पांढरकवडा या भागातील अनेक घरांत आजही मारुती 800 वापरात आहे. तिचे उत्पादन 2014 मध्ये बंद झाले. म्हणजे त्यातली नव्यात नवी गाडीही आता दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. अशा गाडीचा सेल्फ एखाद्या सकाळी नुसता टकटक करू लागला, की बॅटरीचा दुकानदार बॅटरी बदलायला सांगतो आणि ऑटो इलेक्ट्रिशियन डायनामो उघडायला सांगतो. आपल्याकडे ज्याला डायनामो म्हणतात तो, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, या गाड्यांमध्ये प्रत्यक्षात अल्टरनेटर असतो, आणि हा फरक पुढे एका ठिकाणी महत्त्वाचा ठरतो.

केवळ लक्षणांवरून निर्णय घेणे धोक्याचे आहे. धक्का मारून सुरू केलेली गाडी दिवसभर नीट चालते, दिवे प्रखर राहतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ पुन्हा उचलत नाही, तेव्हा संशय बॅटरीवर जातो. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि रात्री दिवे मंद होत जातात, तेव्हा संशय डायनामोवर जातो. परंतु डायनामो चार्ज करत नसेल तर चांगली बॅटरीही उतरते, आणि सेल खराब झालेली बॅटरी चांगल्या डायनामोवर सतत भार टाकत राहते. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी मोजमाप करावे. त्यासाठी लागणारा साधा मल्टिमीटर तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12 च्या खाली गेली तर बरीचशी रिकामी. त्यानंतर इंजिन सुरू करून, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून, थोडी रेस देऊन पुन्हा मोजावे. आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक आहे. तो 13 च्या खालीच राहिला तर दोष डायनामो, त्याचा पट्टा किंवा वायरिंग यांत आहे, आणि 15 च्या वर गेला तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, बिघडलेला आहे. या दुसऱ्या स्थितीत बॅटरीतील पाणी वारंवार आटते, आणि नवी बॅटरी बसवली तरी तीही लवकरच खराब होते.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर ती पूर्ण चार्ज करून, इंजिन बंद असताना रात्री ऋण टर्मिनल काढून ठेवावे. सकाळी आकडा टिकून असेल तर गाडीत कुठेतरी करंट गळतो आहे. घसरला असेल तर बॅटरीच संपली आहे. गळतीचे एक नेहमीचे कारण म्हणजे डायनामोतील खराब डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. टर्मिनल जोडलेलेच ठेवून गाडी रात्रभर उभी असेल आणि पहाटे थंड इंजिनावरही डायनामो हाताला कोमट लागत असेल, तर डायोड तपासून घ्यावा.

येथे एक कळकळीची विनंती आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून डायनामो तपासण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. ती खऱ्या डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरमध्ये त्यामुळे व्होल्टेज एकदम उसळून डायोड आणि कटआउट दोन्ही जळू शकतात.

आमच्या गाडीला एका दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी बॅटरी बसवली आणि दोन महिन्यांत तीही उतरली. दोष निघाला इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. पावसाळ्यातील चिखलाने ती गंजून गेली होती. घासून, घट्ट बसवून काम झाले. तेव्हापासून माझे मत असे आहे, की टर्मिनल, अर्थिंग आणि पट्ट्याचा ताण हे तिन्ही पाहिल्याशिवाय बॅटरी आणि डायनामो यांची तुलनाच करू नये.

दोष डायनामोतच निघाला, तर आधी दुरुस्तीचा विचार करावा. झिजलेले कार्बन, बेअरिंग किंवा कटआउट बदलणे हे नव्या डायनामोच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त पडते, आणि मूळ कंपनीचे शरीर व वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, शाबूत राहते. वाइंडिंग जळले असेल तर मात्र रिवाइंडिंग कारागिराच्या हातावर अवलंबून असते. अशा वेळी, विशेषतः प्रवासी वाहतुकीसाठी रोज धावणाऱ्या गाडीला, नवा डायनामो घेणे मला अधिक योग्य वाटते. भंगारातला जुना डायनामो आपल्यासमोर चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नये.

बॅटरीच घ्यायची ठरली, तर आपल्या उन्हाळ्याचा विचार करावा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. सीलबंद बॅटरी सोयीची खरी. पण जुन्या गाडीसाठी मी झाकणे उघडणारीच निवडतो, कारण डिस्टिल्ड पाणी किती वेगाने आटते यावरून चार्जिंग वाढल्याचे वेळीच कळते. गाडी केवळ बाजाराच्या दिवशी चार-पाच किलोमीटर निघत असेल, तर दोष कदाचित दोघांचाही नसतो. तिला महिन्यातून एकदा बाहेरून चार्जिंग द्यावे लागते.

काम कोणतेही करा, पैसे देण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन बॅटरीवरचा आकडा स्वतः पाहा, आणि तो 13.8 च्या खाली असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका.