केमोच्या काळात मोबाईलवरचं लक्षणांचं ॲप, बरेच महिने वापरल्यानंतर

आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशननंतर केमो लागली, तेव्हा हॉस्पिटलनेच तिच्या फोनवर हे ॲप टाकून दिलं. रोज संध्याकाळी प्रश्न येतात, मळमळ, जुलाब, थकवा, ताप, दुखणं 0 ते 10 मध्ये किती वगैरे. दोन मिनिटांत भरून होतं.

खरा उपयोग काय झाला ते सांगते. आई डॉक्टरांसमोर बसली की एकच उत्तर, "बरी आहे". मधल्या दिवसांत काय काय झालं ते ओपीडीच्या घाईत धड आठवतही नाही आणि त्रास सांगितला तर औषध बंद करतील ही भीती असतेच. ॲपवर मात्र ती खरं भरायची. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या, सुरुवातीला ते चार-पाच दिवसांत जायचं. पुढे ग्राफमध्ये दिसायला लागलं की केमोची पुढची सायकल (फेरी) आली तरी मुंग्या जातच नाहीयेत आणि बटण लावायला जमतं का या प्रश्नाला तिने "खूप त्रास होतो" निवडलेलं. डॉक्टरांनी ते बघितलं आणि त्याच दिवशी डोस कमी केला. तोंडी विचारलं असतं तर तिने हे सांगितलंच नसतं, तिच्या मते बटण न लागणं म्हणजे वय झालं, बाकी काही नाही!

2017 मध्ये ईथन बाश यांच्या टीमचा 766 पेशंटचा अभ्यास आला होता, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधला, कॅन्सर पसरलेले पेशंट. ऑनलाइन लक्षणं कळवणाऱ्या गटात जगण्याचा मध्यक काळ (म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो) 31.2 महिने, नेहमीच्या पद्धतीत 26. पण तिथे त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा आणि ती पुढची हालचाल करायची, हे लोक विसरतात.

कारण आमच्याकडे नेमकं तिथेच अडलं. रविवारी रात्री आईला 101 च्या वर ताप. ॲपवर लाल पट्टी आली, "टीमला कळवलं आहे", पण टीम बघणार सोमवारी! केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अगदी खाली गेलेल्या असतात, तेव्हा असा ताप म्हणजे वाट बघायचीच नाही. आम्ही थेट फोन लावला, कॅज्युअल्टी गाठली, लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. ॲप घेताना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की अलर्ट कोण बघतं आणि सुट्टीच्या दिवशी कोण बघतं. ते धड सांगत नसतील तर तापासाठी त्यावर अजिबात विसंबू नका.

बाकी अक्षर बारीक आहे, घरच्यांना वेगळं लॉगिन नाही.

आता केमो संपलीय, प्रश्न आठवड्यातून एकदा येतात आणि सीईए टेस्टची (कॅन्सर परत येतोय का ते बघायची रक्ततपासणी) आठवण येते, पहिली दोन वर्षं ती दर तीन ते सहा महिन्यांनी करायची असते. मुंग्या अजून आहेत पण रेघ हळूहळू उतरतेय, मी ती दर आठवड्याला बघते. फक्त हा ग्राफ पीडीएफ करून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची सोय द्या, स्क्रीनशॉट जोडून जोडून कंटाळा आलाय.