पिवळा मीटर, जुनी जीप आणि नऊ व्होल्टचा सेल: अकरा महिन्यांनंतर

मंगळवारी या मीटरने मला साडेचार हजारांच्या खड्ड्यात घातलंच होतं, म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर गेल्या जुलैपासून मी भेटेल त्याच्याजवळ त्याचं कौतुक करत होतो.

मीटर म्हणजे व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरमागे टांगलेला असतो तोच पिवळा, गोल खटक्याचा. ३२० रुपये. गाडी जुनी डिझेल जीप, फोर बाय फोर, माझ्याकडे येईपर्यंत दोघांनी चिखलात लोळवलेली.

जुलैत केळदच्या बाजूला ओढा ओलांडून आलो, फोटोसाठी इंजिन बंद केलं आणि परत किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’. लावणी सोडून चौघं आले, धक्का दिला, तेव्हा घर दिसलं. पहिला मिस्त्री म्हणाला, "साहेब, बॅटरी गेली." ६,८०० रुपये. आठ दिवसांनी परत टक्. दुसऱ्याने सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवला, त्यातले कार्बन, बुश, सोलेनॉइड मिळून २,६००. तो दहा दिवस चालला. शेजाऱ्यांनी स्पार्क प्लग साफ करायला सांगितलं. डिझेलला तो नसतोच, पण निदान सल्ला फुकट होता. तिसरा जेव्हा ‘पूर्ण वायरिंग नवीन टाकू’ म्हणाला, तेव्हा मी मीटर घेतला.

खटका २० व्होल्टवर. बॅटरीवर १२.६, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग बायकोला किल्ली धरायला बसवलं. टक् होताना बॅटरीवर १२.१. खरं तर डिझेलचा सेल्फ ओढायला लागला की आकडा धाडकन खाली यायला हवा. इथे जेमतेम हलला, म्हणजे सेल्फपर्यंत करंट पोचतच नव्हता. सेल्फच्या जाड बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर मीटरच्या वायरींच्या काड्या टेकवल्या तर ७.८. उरलेले चार व्होल्ट गेले कुठे? लाल काडी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, काळी बॅटरीच्या मायनसला, किल्ली फिरव. ३.९! तिथे ०.२, फार तर ०.३ असायला हवेत.

खात्रीसाठी जंपर केबलची एकच वायर घेतली आणि बॅटरीचा मायनस थेट इंजिनला जोडला. अर्ध्या फेरीत गाडी सुरू. कित्येक दिवसांत हा आवाज ऐकला नव्हता.

इंजिन आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) जोडणारी विणलेली तांब्याची अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती, आणि आधीच्या मालकाने गंज लागू नये म्हणून चासीला मारलेला काळा रंग तिच्या बोल्टखालीही होता. करंटने मग बॅटरीकडे परतायला मिळेल ती वाट धरली. सकाळी थंड इंजिनवर चार-पाचदा सेल्फ मारला की अ‍ॅक्सिलरेटरची केबल कोमट लागायची, ती याचमुळे. हात लावून लावून कळलं नव्हतं! पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केलं, १४० रुपयांची नवी पट्टी लावली, वरून ग्रीस. त्यानंतर आजपर्यंत एकदाही टक् नाही. ९,४०० रुपयांची वरात आणि रोग १४० रुपयांचा.

इथपर्यंत पाच तारे. बीप नाही, उजेड नाही, रात्री टॉर्च लावून मोबाईल दातात धरावा लागतो, ते सगळं माफ. एकदा लाल वायर दहा अँपिअरच्या, म्हणजे करंट मोजायच्या, भोकात राहिली आणि मी तशीच बॅटरीला लावली. ठिणगी उडाली, काडीचं टोक काळं झालं. तो गाढवपणा माझा, मीटरचा नाही.

आता मंगळवार. पावसाळ्याआधीची तपासणी म्हणून इंजिन चालू ठेवून डायनमो बॅटरीला किती चार्जिंग देतो ते बघितलं तर १५.७ व्होल्ट. साधारण १४.५ च्या वर गेलं की बॅटरी उकळायला लागते. वायरमनला फोन केला. तो न बघताच म्हणाला, "रेग्युलेटर गेला असणार, डायनमोच बदलून टाका, साडेचार हजार." मी होकार देऊन बसलो होतो. सकाळी सहज, रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजली तर १३.९! रात्रभर नुसत्या उभ्या राहिलेल्या बॅटरीवर १३.९ कुठून येणार?

मीटरच्या डिस्प्लेच्या कोपऱ्यात सेलचं अंधुक चिन्ह होतं. नवा नऊ व्होल्टचा सेल घातला: उभ्या बॅटरीला १२.६, चालू इंजिनला १४.२. डायनमो निर्दोष. सेल उतरला की मीटरच्या आत तुलनेसाठी धरलेला व्होल्टेज घसरतो, आणि मग बाहेरचं सगळंच जास्त दिसतं. शून्य दाखवला असता, बंद पडला असता, तरी चाललं असतं. हा ठामपणे खोटं बोलतो.

आणि सेल का उतरतो? कारण हा आपोआप बंद होत नाही! खटका स्वतः ऑफवर आणायचा, आणि हात ग्रीसने माखलेले असताना ते कुणाच्या लक्षात राहतं? अकरा महिन्यांत तीन सेल, साठ रुपयांप्रमाणे १८०. म्हणजे मीटरच्या अर्ध्याहून जास्त किंमत सेलनेच खाल्ली. बदलायला पुन्हा मागचे दोन स्क्रू खोला.

जुलैतल्या त्या ३.९ वरही मला क्षणभर शंका आली. पण तेव्हा सेल नवा होता, आणि जंपरने गाडी सुरू झाली होती, ते तर मीटरने सांगितलं नव्हतं. आता गाडीला लावण्याआधी घरातला नवा पेन्सिल सेल मोजतो. १.६ च्या आसपास आला तरच पुढे.

साडेतीन तारे. दीड तारा सेलच्या खर्चाचा कापला.

काल जेवताना बायकोने विचारलं, "अहो, तुमचं ते पिवळं चालू तर नाही ना राहिलं?"

राहिलं होतं.