जीपला हॉट रॉडचा झुकाव : सोलापुरातील एका कमानपाटेवाल्याचे काम

सोलापुरात हैदराबाद रस्त्याला, मार्केट यार्डाच्या बाजूस, ट्रकच्या कमानपाट्यांचे, म्हणजे चासीखाली धक्के झेलणाऱ्या वाकड्या पोलादी पट्ट्यांचे, काम करणारे एक वर्कशॉप आहे. माझ्या जुन्या महिंद्रा सीजे-3बी जीपला हॉट रॉडसारखी (वेगासाठी बदल केलेल्या जुन्या मोटारीसारखी) उभारणी हवी होती, म्हणजे नाक खाली, पाठ वर, आणि तरीही हायवेवर सरळ चालणारी गाडी. हे काम तेथे झाले त्याचा हा अभिप्राय.

मिस्त्रींनी पाट्यांना हात लावण्याआधी टायर कोणते घालणार ते विचारले आणि तेथेच माझा विश्वास बसला. झुकावाचा मोठा वाटा टायरच ठरवतात. कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांवर 1930 च्या दशकात जुन्या फोर्ड पळवणारी मंडळी मागे मोठे टायर घालत, कारण इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक वेग गाठत असे. आज आपल्याला देखणे वाटणारे हे रूप पुष्कळसे त्या गरजेतून आले आहे. माझ्या जीपला पुढे 6.00-16 आणि मागे 7.50-16 टायर घातल्यावर व्यासातील सुमारे तीन इंचांच्या फरकामुळे मागची बाजू दीड इंच उचलली गेली. पुढून एक इंच उतरवणे तेवढे उरले.

या एका इंचातच कारागीर कळतो. काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने पाटा तापवून दाबतात. त्याने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा कधी दगा देईल याचा नेम राहत नाही. येथे एकावर एक बांधलेल्या पाट्यांचा जुडगा सोडवून प्रत्येक पाटा थंड असतानाच ऐरणीवर घणाने ठोकून त्याची कमान कमी केली. थोडे घाव घातले की मिस्त्री पाटा फरशीवर खडूने काढलेल्या रेषेवर ठेवून पाहत, पुन्हा उचलत, आणि मेन पाट्याखाली (सर्वांत वरच्या लांब पाट्याखाली) फट दिसली की तो पाटा पुन्हा ऐरणीवर जाई. शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्टही गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळले, त्यामुळे रबरी बुशांना पीळ बसला नाही.

मला सर्वाधिक आवडलेली बाब दिसण्यात येत नाही. या जीपचा व्हीलबेस 80 इंच आहे. तेवढ्या लांबीत अडीच इंचांचा फरक पडला की चासी सुमारे 1.8 अंश पुढे कलते आणि पाट्यांसकट पुढचा ॲक्सलही तितकाच फिरतो. त्यामुळे मूळचा 3 अंशांचा कास्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन, जेमतेम सव्वा अंशावर येतो, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि गाडी भरकटू लागते. मिस्त्रींनी कोनमापक लावून हे मोजले आणि पाटा व ॲक्सल यांच्यामध्ये 2 अंशांच्या पोलादी पाचरी बसवल्या. विजापूर रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने गाडी नेली, तेव्हा स्टिअरिंग हलक्या हाताने धरूनही ती सरळ धावली.

उणीव एक राहिली आणि ती किरकोळ नाही. पुढचा भाग उतरवल्यावर ॲक्सल आणि बंप रबर (ॲक्सल वर येऊन चासीला आपटू नये म्हणून लावलेले रबर) यांच्यातील अंतर तपासायला हवे होते. ते न झाल्याने गतिरोधकावर दणके बसू लागले आणि रबर बदलण्यासाठी गाडी पुन्हा न्यावी लागली. हेडलाइटचा झोतही जवळ पडू लागला होता, तो मला दुसरीकडे लावून घ्यावा लागला.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे अशा बदलांवर मर्यादा येतात, म्हणून आधी आरटीओत विचारून या, असे मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत बजावले होते. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे झाल्यावर पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील (चारही चाकांना जोर देणारा गिअर) घालू नका, गिअरबॉक्स तुटेल, हेही त्यांनीच सांगितले.

जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे. मोजमापासाठी लागणारी सपाट फरशी एकाच कोपऱ्यात आहे आणि दुपारनंतर तेथे ट्रक उभे असतात. थोडे अंतर चालवल्यावर यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे बोल्ट) पुन्हा आवळण्यासाठी मात्र गाडी कधीही न्यावी. त्याचे पैसे ते घेत नाहीत.