आठ महिने रोज हाताने वेदर मॅप भरला, बेदाणा शेडवाल्याचा अनुभव

आधीच सांगतो, मी हवामानतज्ज्ञ वगैरे कोणी नाही. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड आहे, दिवाळीनंतर हा नाद लागला आणि आता जुलै आला तरी सुटलेला नाही. सकाळी साडेआठची निरीक्षणं नेटवरून घ्यायची, कोऱ्या नकाशावर स्टेशन बाय स्टेशन पेन्सिलने भरायची आणि मग चहा घेत बघत बसायचं, एवढंच. सामान म्हणाल तर ए थ्री साइजची नकाशाची झेरॉक्स, ०.५ ची पेन्सिल, एक लाल पेन आणि चांगला खोडरबर. खोडरबर चांगलाच घ्या, पहिला महिना तोच जास्त चालतो.

हे कशाला, तर रॅकवर टाकलेला माल वाळायला पंधरवडा जातो आणि त्या पंधरवड्यात एक अवकाळी सर आत आली की बेदाणा काळा पडतो, भाव गेला. फोनमधलं ॲप म्हणतं ४० टक्के पाऊस. आता अण्णा विचारतात शेडचे पडदे सोडायचे का नाही, त्यांना काय ४० टक्के पडदे सोडा म्हणून सांगू? म्हणून म्हणलं आपणच बघू हे हवामानवाले नक्की काय बघतात.

डेटा फुकट मिळतो, ओजिमेट नावाच्या साइटवर जगातल्या हवामान स्टेशनांचे सिनॉप मेसेज, म्हणजे ठरलेल्या वेळची निरीक्षणं आकड्यांच्या कोडमधे, पडतात. पाच-पाच आकड्यांचे गट, पहिल्यांदा बघितलं तेव्हा लॉटरीचा निकाल वाटला. पण आठवड्यात कळायला लागतं. प्रत्येक स्टेशनला नंबर असतो, सांताक्रूझ ४३००३, कुलाबा ४३०५७, पुणे ४३०६३, नागपूर ४२८६७, आता हे पाठ आहेत आणि बायकोचा मोबाईल नंबर पाठ नाही. पुढे १ ने सुरू होणारा गट तापमान, २ ने सुरू होणारा दवबिंदू (हवा किती तापमानाला थंड झाली की दव पडेल तो आकडा, जेवढा जास्त तेवढी हवेत ओल जास्त), ३ म्हणजे स्टेशनवरचं हवेचं प्रेशर, ४ म्हणजे समुद्रसपाटीला आणलेलं प्रेशर. म्हणजे १०२६८ २०१९४ ३९४८४ ४०१०१ असं दिसलं की तापमान २६.८, दवबिंदू १९.४, जागेवर ९४८.४ आणि समुद्रसपाटीला १०१०.१ हेक्टापास्कल, हे प्रेशरचं एकक. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ०३ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ.

नकाशावर स्टेशनच्या जागी छोटा गोल, आभाळ आठापैकी किती भाग झाकलंय तेवढा गोल काळा करायचा. डावीकडे वर तापमान, डावीकडे खाली दवबिंदू, उजवीकडे वर प्रेशरचे शेवटचे तीन आकडे, म्हणजे १०१०.१ असेल तर नुसतं १०१. तापमान आणि दवबिंदूच्या मधे त्या वेळचं हवामान, त्याच्या खुणा मला जाम आवडतात, भुरभुर म्हणजे स्वल्पविराम, पाऊस म्हणजे टिंब, धुकं म्हणजे तीन आडव्या रेघा. वाऱ्याची काडी वारा जिकडून येतो तिकडे काढायची, त्यावर वेगासाठी अर्धा काटा ५ नॉट (ताशी साधारण ९ किलोमीटर), पूर्ण काटा १०. मी पहिले दोन दिवस काड्या उलट्या काढल्या होत्या आणि सगळ्या महाराष्ट्राचा वारा अरबी समुद्रात सोडून मोकळा झालो होतो.

खरी माती खाल्ली ती पुढे. मेसेजमधे ३३३ असा गट येतो आणि तिथून दुसरा भाग सुरू होतो, त्या भागात २ ने सुरू होणारा गट म्हणजे दवबिंदू नाही, किमान तापमान. हे मला कुठं माहीत. चार दिवस मी काही स्टेशनांना किमान तापमानच दवबिंदू म्हणून भरत होतो, जिथं खरा दवबिंदू ११ होता तिथं १७ लिहून बसलो आणि घरात जाहीर केलं की हवेत ओल वाढलीय, सावध राहा. आभाळ निरभ्र, ऊन कडक. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते बघितले माझ्याकडं. ३३३ पाठ करून ठेवा, बाकी चुका चालतील.

दुसरी चूक संध्याकाळची. हौसेने साडेपाचचा मॅपही भरला तर सकाळपेक्षा सगळीकडे प्रेशर खाली, मला वाटलं आता मोठं काहीतरी येतंय. काही येत नव्हतं, आपल्याकडे प्रेशर रोजच दोनदा चढतं दोनदा उतरतं, सकाळी-रात्री दहाच्या आसपास वर, पहाटे-दुपारी चारच्या आसपास खाली, फरक तीन-चार हेक्टापास्कलचा, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखं. त्यामुळे आपल्याकडे कालच्या त्याच वेळेशी तुलना करायची, २४ तासांतला बदल, तो ३३३ च्या भागातच येतो, गट ५८ ने सुरू झाला तर वाढ, ५९ ने तर घट. ५८०१२ म्हणजे १.२ ने वाढलं. मी हा बदल लाल पेनने लिहितो, आणि आता कबूल करतो की सगळ्या मॅपमधे सगळ्यात जास्त मी त्या लाल आकड्यांकडेच बघतो.

तेवढंच दवबिंदूकडे. माझं मत असं झालंय की नवीन माणूस समदाब रेषांच्या, म्हणजे सारखं प्रेशर असलेल्या जागा जोडणाऱ्या रेघांच्या मागे उगाच लागतो, कारण टीव्हीवर त्याच दिसतात. मार्चमधे आमच्या भागात प्रेशर सगळीकडे जवळपास सारखं, दर २ हेक्टापास्कलला रेघ काढायची म्हणलं तर अख्ख्या नकाशावर दोन-तीन वेड्यावाकड्या रेघा येतात आणि त्यातून पडद्यांचं काही कळत नाही. त्याऐवजी दवबिंदूच्या रेषा काढल्या की चित्र उघडतं. पश्चिमेकडे वायव्येचा कोरडा वारा, दवबिंदू ११-१२, आणि पूर्वेकडे सोलापूर, कलबुर्गी, विजापूरला आग्नेयेचा वारा, दवबिंदू १९-२०, आणि या दोघांच्या मधे एक पट्टा जिथं वारे एकमेकांना भिडतात. हवामान खात्याच्या बुलेटिनमधे उन्हाळ्यात येतं ना, विदर्भापासून मराठवाडा, अंतर्गत कर्नाटक करत तमिळनाडूपर्यंत द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा) किंवा वाऱ्यांची खंडितता (जिथं वाऱ्याची दिशा एकदम बदलते), ते वाक्य मी वर्षानुवर्षं वाचत होतो आणि एक अक्षर कळत नव्हतं. ती रेघ स्वतःच्या पेन्सिलने आली त्या दिवशी मी शेडवर जाऊन सगळ्यांना दाखवली, कोणाला काही पडलं नव्हतं ते जाऊ दे.

ही रेघ पश्चिमेला सरकून आमच्या डोक्यावर आली की दुपारनंतर ढग बांधायची शक्यता वाढते. म्हणून आता अण्णा सकाळी विचारतात, विजापूर काय म्हणतंय. सीझनमधे दोनदा दुपारी आधीच पडदे सोडले आणि संध्याकाळी खरंच गारांसकट पाऊस आला, माल वाचला. पण तिसऱ्यांदा मॅप अगदी तसाच होता, पडदे सोडले आणि थेंब पडला नाही, आत कोंडून माल एक दिवस उशिरा वाळला. आणि एकदा मॅपवर काहीच नसताना सर येऊन गेली. जमिनीवरच्या नकाशात वरच्या हवेतलं दिसत नाही, हे डोक्यात ठेवूनच वापरा. शेवटच्या अर्ध्या तासासाठी मी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप बघतो, वीज कुठं पडतेय ते कळतं.

एक टेक्निकल गोष्ट, ज्यात माझा महिना गेला. स्टेशनं कमी पडतात म्हणून मी विमानतळांचे मेटार, म्हणजे विमानांसाठीचे हवामान अहवाल पण घेत होतो, ते दर अर्ध्या तासाला येतात, सोपे असतात. पण त्यातलं क्यू एन एच, म्हणजे विमानाचा उंचीमापक लावायला दिलेलं प्रेशर, हे सिनॉपमधलं समुद्रसपाटीचं प्रेशर नव्हे, ते खरं तापमान न बघता ठरावीक प्रमाण वातावरण धरून काढलेलं असतं, शिवाय पॉइंटनंतरचा आकडा टाकून दिलेला. मुंबईला फरक नगण्य, पण पुणं साडेपाचशे मीटरवर, तिथं गरम हवेत तीन-चार हेक्टापास्कल जास्त दिसतं. माझ्या नकाशात पुण्याभोवती रोज एक गोल हाय, म्हणजे जास्त दाबाचा भाग यायचा, मला वाटलं पुणेकरांचं काहीतरी वेगळंच असतं. आता मेटारमधून फक्त वारा, तापमान आणि दवबिंदू घेतो.

पुण्यावरून आठवलं, कॉलेजला असताना सिमला ऑफिसच्या स्टॉपवरून मी शेकडो वेळा बस पकडली आणि सिमल्याचं ऑफिस इथं कशाला हा प्रश्न एकदाही पडला नाही. १९२८ मधे हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथं आलं म्हणून ते नाव.

भाच्याने मेटपाय नावाच्या पायथन लायब्ररीत हाच मॅप दोन मिनिटांत काढून दिला, माझ्यापेक्षा शंभर पट स्वच्छ. मला पहिल्यांदा वाईट वाटलं. पण त्याच्या मॅपवर एका स्टेशनचा दवबिंदू तापमानापेक्षा जास्त छापलेला होता, जे होऊच शकत नाही, आणि तो त्याला दिसला नव्हता. हाताने लिहिताना असला आकडा बोटाला अडकतो. तरी वेळ नसेल तर मेटपायच वापरा, चाळीस स्टेशनं भरायला मला अजूनही अर्धा-पाऊण तास लागतो आणि सुगीत तेवढा वेळ म्हणजे चैन आहे. शिवाय रोज चार-पाच स्टेशनांचा मेसेज येतच नाही, नेमका जिथला हवा तिथलाच.

जूनपासून मात्र समदाब रेषांबद्दलचं माझं मत थोडं बदललंय. किनाऱ्याला त्या दाटीने येतात, दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत वाकतात, तोच तो ऑफशोअर ट्रफ, किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा, आणि असा वाक ठळक दिसला की कोकणात जोर असतो. आम्हाला सह्याद्रीच्या या बाजूला त्यातलं भुरभुरच येतं, स्वल्पविराम. सध्या शेड रिकामी आहे त्यामुळे आठवड्यातून तीनदाच भरतोय, ऑक्टोबर छाटणीपासून परत रोज.