पुंगळ्यांच्या पोत्यात गेलेले ३,१५,२०० रुपये

आमचं भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं. मोडीत आलेला हंडा आबा नुसत्या टिचकीवर ओळखायचे. त्यांच्याच मुलाला, म्हणजे मला, पितळ म्हणून लोखंड विकलं गेलं. भुसावळ-सावदा पट्ट्यात आणखी दोघं असेच बुडालेत असं कानावर आहे. ते लाजेनं गप्प आहेत. मलाही लाज वाटते, पण राग त्याहून जास्त आहे.

माल होता रायफलच्या वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे गोळी उडाल्यावर उरणारी काडतुसाची पितळी नळी, ७.६२ मिलिमीटरच्या. आमच्याकडे हे कोणाला नवलाचं वाटत नाही, वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा कारखानाच आहे. (कारखान्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही, फक्त त्याचं नाव वापरलं.) जुलै २०२४ मध्ये एक जण दुकानात आला. लिलावात १ टन पुंगळ्या सुटल्यात, मुदतीत उचलल्या नाहीत तर अनामत बुडेल, म्हणून ३९० रुपये किलोनं देतो म्हणाला. आम्ही तेव्हा साधं पितळ ४७० नं घेत होतो, आणि हे तर ७०-३० चं, म्हणजे तांबं जास्त. "तुमाले नही त कोनाले देऊ भो?" या एका वाक्यावर मी विरघळलो.

नमुन्याच्या पुंगळ्या अस्सल होत्या. तळाला कोरलेलं साल, टोपीभोवती (तळाशी ठिणगी पाडते ती) दाबलेली लष्करी कड, चुंबकाला अजिबात दाद नाही. पण त्या अख्ख्या होत्या, आणि तिथेच मला कळायला हवं होतं. लष्कराची पुंगळी भंगारात निघते ती चेपून, ठेचून, म्हणजे कोणी परत भरू नये. हे मला माहीत होतं! मी विचारलंसुद्धा. तो हसला. म्हणाला, अख्ख्या मालाला शौकीन दुप्पट देतात, अमेरिकेत लोक घरी टोपी बदलतात, दारू भरतात, नवी गोळी बसवतात. अमेरिकेत करत असतील. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागसुद्धा दारूगोळ्यात धरलेत, आणि परवान्याशिवाय काडतूस भरणं म्हणजे सरळ तुरुंग. मला वितळवायलाच हवा होता माल. तरी खोटं कशाला बोलू, 'दुप्पट' हा शब्द डोक्यात राहिला.

दुसरी चूक तर आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्यानं दाखवलेलं माल सोडल्याचं पत्र 'ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड, कोलकाता' या नावाचं, तारीख जुलै २०२४. दारूगोळ्याचे सरकारी कारखाने चालवणारं ते बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला बरखास्त झालं, सात कंपन्या झाल्या. माझा मेहुणा त्याच खात्यात. त्या वर्षी आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नव्हता. पत्रावरचा शिक्का मी दोनदा पाहिला, वरचं नाव वाचलं नाही.

५०,००० टोकन फोनवरून पाठवले. मग 'जीएसटी आधी भरावा लागतो' म्हणून १८ टक्क्यांचे ७०,२००, एका बाईच्या बचत खात्यात. अहो, जीएसटी कधी कोणाच्या बचत खात्यात जातो का? बिलावरचा जीएसटी नंबर २४ नं सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा, आणि फर्म म्हणे नाशिकची. पोर्टलवर नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात. तेवढं करा.

टेम्पो आला रात्री साडेनऊला. पाऊस, लाईट गेलेली, ड्रायव्हरची घाई. कोणाचंही असंच झालं असतं. वरची दोन पोती फोडून चुंबक फिरवलं, चिकटलं नाही. वजन बरोबर. रोख १,९५,००० दिले. दोन लाख का नाही घेतले? 'दोन लाखांची रोख घ्यायला कायदा आडवा येतो,' असं तोच म्हणाला. चोराला कायदा माझ्यापेक्षा पाठ! उरलेले १,४५,००० सकाळी द्यायचे ठरले. तेवढेच वाचले.

सकाळी पोऱ्यानं तिसरं पोतं ओतलं. जुन्या स्पीकरचं चुंबक आम्ही सुतळीला बांधून ठेवतो, ते मी वरून नुसतं सोडलं. खाडकन बसलं. उचललं तर द्राक्षाच्या घडासारखे तुकडे लोंबत वर आले, बिजागऱ्या, कड्या, खिळे, सगळ्यांवर पितळेचं पाणी. लोखंड पितळेपेक्षा फारसं हलकं नसतं, म्हणून पोतं उचलताना हाताला शंका येत नाही. प्रत्येक पोतं ओता, तळापर्यंत, उजेडात. १,००० किलोत पितळ निघालं ६२ किलो.

पुढचं तर आणखी संतापजनक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तिसऱ्या दिवशी. तोवर खातं रिकामं, आणि रोखीचं आम्ही बघत नाही म्हणे. फोन पहिल्या तासात करा, लाज नंतर वाटून घ्या. पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा 'हा दिवाणी वाद आहे'. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा 'टेम्पो जिथून भरला तिथे जा'. मेहुण्यानं सांगितलं, झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखव. दाखवलं. तर जमादार माझ्याकडेच बघून म्हणाला, "शेठ, अख्ख्या पुंगळ्या तुमच्या गोदामात कशा?" न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ राहिलं बाजूला, मलाच दोन तास बसवलं. गाडीचा नंबर दिला होता, पत्र दिलं होतं, खात्याचा नंबर दिला होता. कोणी कागद उलटून पाहिला नाही.

शेवटी पंचनामा झाला तो त्या ६२ किलोंचा. म्हणजे सगळ्या व्यवहारात जेवढं खरं होतं तेवढं जप्त, आणि ९३८ किलो लोखंड माझ्या दारात. जप्त माल ठाण्यात न्यायला त्यांच्याकडे गाडी नव्हती. छोटा हत्ती मी केला, ७०० रुपये. एकूण ३,१५,९०० धरा.